वावडी

"घूंऽऽऽ," असा आवाज काढून तो जवान थांबला, आणि शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या अख्ख्या गावानं तोंडाला पदर नाहीतर पंचा लावला.

"हसू नका," मेजर देशकर म्हणाले. "बाई, यांना सांगा, ही लष्कराची चौकशी आहे. तमाशा नाही."

मी सांगितलं. गाव गप्प झालं, पण खांदे हलत राहिले. जवान तमिळ होता, मुरुगन नावाचा, आणि बिचारा फार मनापासून सांगत होता. मेजरांनी त्याला पुन्हा करायला लावलं. तो उभा राहिला, एक हात वर धरला आणि पुन्हा गुणगुणला, ह्या वेळी जरा लांबवून.

"लाल बत्ती, साब. ऊपर खडी थी. थोडा इधर, थोडा उधर, फिर वापस अपनी जगह. और ये आवाज."

मी दुभाष्या म्हणून बसले होते. मेजर नागपूरचे, त्यांना आमची मालवणी निम्मी कळायची, म्हणून त्यांनी शाळेतल्या बाईंना बोलावून घेतलं होतं. त्या शाळेतल्या बाई म्हणजे मी, कुंदा कुबल. तो आवाज ऐकून मी मान खाली घातली, कारण मलाही हसू येत होतं. तो आवाज मी ओळखला होता.

आमच्या किनाऱ्यावर वावडी म्हणजे पुरुषभर उंचीचा पतंग. बांबूच्या कामट्या, जाड कागद, शेपटीला जुन्या लुगड्याची पट्टी. वरच्या टोकाला नारळाची पात ताणून बांधली की वाऱ्यावर ती अशी गुणगुणत राहते. शिमग्याच्या आधी समुद्रावरून वारा सुटला की हौशी माणसं वावडी चढवतात, आणि फारच हौस आली तर तिला लाल कागदात गुंडाळलेला बॅटरीचा दिवा बांधतात. खारवेळ गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझा नवरा, वासू, सगळ्यात चांगली वावडी बांधायचा. तो गेल्यापासून वर्षभर गावात कुणी वावडी चढवली नव्हती. आता त्याच्या दोस्तांपैकी कुणाला तरी लहर आलेली दिसत होती.

ते मी तेव्हाच मेजरांना सांगून टाकलं असतं, तर सगळे हसत घरी गेले असते आणि ही गोष्ट सांगायला मी बसले नसते.

गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडं पठार. तिथं लष्कराची चौकी होती, आणि त्या साली किनाऱ्यावर पहारा कडक होता. मासेमारीच्या बोटीसुद्धा थांबवून तपासत. अशात दिवेलागणीनंतर आकाशात लाल दिवा दिसायला लागला, एकदा नाही, चांगला तीनदा. वरून जीप आली, नकाशा आला, दुर्बीण आली. मेजर देशकर आले ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, आणि यंत्रावर उमटत नाही. हेच मला आवडलेलं नाही." यंत्रावर उमटणार कसं? कागद आणि बांबू! पण माणूस मन लावून काम करणारा होता. गावात मात्र कुणी गालात हसत पाणबुडी म्हणत होतं, कुणी परदेशी विमान. मी डोंगराच्या पलीकडे वरच्या वाडीत राहत होते, त्यामुळं मी स्वतः काहीच पाहिलं नव्हतं.

मेजरांनी टेबलावर नकाशा पसरला. "दिवा इथं थांबतो. ही जमीन कुणाची?"

पुढं बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

"आबा गिरकरांची," मी म्हटलं. "काजूची बाग आहे."

"बोलवा त्यांना. तोवर बाकीच्यांचं ऐकू."

पहिले दत्तारामकाका उठले. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, आयुष्य होडीत गेलेलं, कुणाच्या बापाला न भिणारा.

"काका, तुम्ही काय पाहिलंत?"

"वावडी," काका म्हणाले. "दुसरां काय असतलां?"

मेजरांचं पेन थांबलं. "वावडी?"

"होय तर. वावडीच ती. हंयची सगळी माणसां तुमका ह्यांच सांगतली." मग काकांनी माझ्याकडं पाहून एक डोळा बारीक केला. "बाईंका इचारा. तेंच्यापेक्षा जास्त कोणाक म्हायत?"

त्या डोळा मारण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. वासूची बायको म्हणून म्हणत असतील, एवढंच वाटलं.

मेजर मात्र सरसावून बसले. "काका, अफवा कानांनी ऐकू येते. माझ्या माणसांनी दिवा डोळ्यांनी पाहिलाय. एकानं नाही, तिघांनी."

काकांनी आधी मेजरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग खांदे उडवले. "तां तुमचां तुमी बघा." आणि जाऊन खाली बसले.

मला उलगडा झाला. नागपूरच्या माणसाला वावडी म्हणजे फक्त वावड्या उठवणं ठाऊक. पतंग त्याच्या स्वप्नातही नव्हता.

"साहेब, वावडी म्हणजे," मी म्हणायला सुरुवात केली, आणि शाळेच्या फाटकात बुलेट थांबली. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, बोटात अंगठ्या. आबा गिरकर उतरले आणि त्यांच्यामागे त्यांचा गडी शहाळ्यांचा घड घेऊन उतरला.

"काय म्हणत होता, बाई?" मेजरांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. पाणी मागवू का?"

आबा गिरकर म्हणजे गावातला बर्फाचा कारखाना, दोन लाँची, आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात बसायला हक्काची खुर्ची. वासू त्यांच्या लाँचीवर कामाला होता. आबांची माणसं खाडीच्या तोंडाशी जिलेटिनचा बार टाकून मासळी मारायची. कायद्यानं बंदी आहे, पण बार फुटला की जाळं न टाकता टोपल्या भरतात. वासूला ते काम नको होतं. "पुढल्या म्हयन्यात सोडतंय," असं तो मला म्हणाला होता. मी प्रशिक्षणासाठी कणकवलीला गेले असताना बार त्याच्या हातातच फुटला. आबांनी गावात सांगितलं, वासू माडावरून पडला. पंचनाम्यातही माडच आला. मी पोचले तेव्हा चिता विझली होती. तिरडीला खांदा दिलेल्यांपैकी एकजण हळूच एवढंच म्हणाला, की उजवा हात कोपरापर्यंत कापडात गुंडाळलेला होता आणि त्याला फटाक्यांसारखा वास येत होता.

मी ठाण्यात गेले. फौजदारांनी मला चहा पाजला. "बाई, तुम्ही तर गावातही नव्हता. मयताच्या आईनं स्वतः जबानी दिलीय, माडावरून पडला म्हणून. आईपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक?"

आई म्हणजे माझी सासू, जानकी. त्याच दिवशी मी तिचं घर सोडलं आणि वरच्या वाडीत खोली घेतली. ती समुद्राकडच्या टोकाला, सुरूच्या बनापाशी एकटी राहू लागली. वर्षभर मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. बाजारात ती दिसली तर मी तोंड फिरवायची. जिनं पोटच्या पोराचं मरण विकलं, तिचं तोंड काय बघायचं? आबांचा मला राग होता, पण तिची किळस होती.

आणि आबा? ते मला रस्त्यात भेटले की थांबायचे. "काय बाई, बरां आसा मां? काय लागला तर सांगा हां." मी हातातली छत्री घट्ट धरून उभी राहायची. एक दिवस ती छत्री त्या माणसाच्या डोळ्यात घालावी, असं मला किती वेळा वाटलं ते देवच जाणे. पण छत्रीनं काय होणार होतं? मला हवं होतं एवढंच, की आबांच्या बागेतल्या मांगराचं दार कुणीतरी उघडावं. मांगर म्हणजे बागेतलं कोठार. काजूच्या पोत्यांखाली जिलेटिन असतं हे सगळं गाव जाणून होतं. तालुक्याचे पोलीस ते दार जन्मात उघडणार नव्हते. आज मात्र लष्कर माझ्या शाळेच्या व्हरांड्यात बसलं होतं.

"नमस्कार, मेजरसाहेब!" आबा खुर्ची ओढून बसले. "शहाळी आणलंय. उन्हाचो ताप जातलो."

मेजरांनी शहाळी बाजूला ठेवायला सांगितली. "गिरकर, तुमच्या बागेवर लाल दिवा दिसतोय. पाहिलात तुम्ही?"

"मी मालवणात होतंय, कालच इलंय. पण बघूक कशाक होयो? वावडी ती, साहेब."

"तुम्हीही तेच म्हणता."

"सगळेच म्हणतले. दरवर्षी उडतत."

"दरवर्षी?"

"शिमगो जवळ इलो की जास्त. पोरांका कामधंदो नाय, मगे उडवतत."

"आमच्या चौकीवरही?"

"चौकीवरसून पण जातत कधीमधी. सगळां वाऱ्यार आसा, साहेब. एकदा वाऱ्याक लागली की खंय जायत काय सांगूचां?"

"वाऱ्यासारखी पसरते," मेजर स्वतःशीच म्हणाले आणि लिहून घेतलं. मी नाकासमोर पाहत बसले. मागं कुणीतरी जोरात खोकलं. दोन्ही माणसं एकमेकांशी अगदी सरळ बोलत होती आणि दोघांनाही वाटत होतं, समोरच्याला आपलं कळतंय. मी फक्त गप्प बसायचं होतं. वर्षभर गप्प बसायची मला चांगली सवय झाली होती.

"मग काळजीचं कारण नाही, असं तुमचं मत," मेजर म्हणाले.

"अजिबात नाय! वावडीक काय भियाचां? तुमी उगाच बागेत जाव नकात. काटे आसत, जनावरां आसत. मांगरात तर काजूच्या पोत्यांशिवाय काय नाय."

मेजरांनी मान वर केली. "मांगर म्हणजे काय, बाई?"

"कोठार, साहेब," मी म्हटलं. हा शब्द मी क्षणाचाही उशीर न करता समजावून दिला. "बागेच्या मध्यावर आहे. दगडी, कौलारू. दाराला मोठं कुलूप आहे."

"अस्सं," मेजर म्हणाले. "मी तर कोठाराचं नावही काढलं नव्हतं."

आबांनी माझ्याकडं पाहिलं, पण अजून हसत होते. त्यांना वाटलं, मी घाबरून बोलतेय.

मेजर उठले. "बाई, जरा आत या."

आम्ही चौथीच्या वर्गात गेलो. मुलांना सुट्टी दिलेली होती. मेजर माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मला इथली बोली नीट कळत नाही. माझ्या हातून चूक व्हायला नको. म्हणून सरळ विचारतो. वावडी म्हणजे अफवाच ना? की इकडे त्याला दुसरा काही अर्थ आहे?"

माणूस चांगला होता. एवढं विचारायची बुद्धी कितीजणांना होते? खिडकीतून मला आबा दिसत होते. पाय पसरून बसले होते, मेजरांसाठी आणलेलं शहाळं स्वतःच तोंडाला लावलं होतं, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होतं. त्यांच्या बाजूला दत्तारामकाका बसले होते, आणि काकांनी आपले पाय जवळ ओढून घेतले होते, आबांना जागा व्हावी म्हणून. वासू पण असाच पाय आखडून बसायचा त्यांच्यासमोर.

"साहेब," मी म्हटलं, "वावड्या उठवणे म्हणजे अफवा पसरवणे. मी चौथीला शिकवते. हा वाक्प्रचार परीक्षेत दरवर्षी एका मार्काला येतो."

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मेजर हसले. "मला वाटलंच. बाई, एक सांगू? सगळी माणसं एकच शब्द बोलायला लागली ना, की तो शब्द त्यांना कुणीतरी पढवलेला असतो. आणि तो पढवणारा कोण, हे मला आता दिसतंय."

बाहेर येऊन त्यांनी वायरलेसवर हुकूम दिला. जिल्ह्याच्या पोलिसांनाही बोलावलं, तालुक्याच्या नव्हे. आबांचं शहाळं हातातच राहिलं.

बाग शाळेपासून जवळच. ऊन कलायच्या आत जवानांनी मांगराचं कुलूप तोडलं. गाव कुंपणाबाहेर उभं होतं, मी कुंपणाच्या आत, कारण मेजरांना शब्द अडला तर मी लागणार होते. आधी पोती बाहेर आली. मग पोत्यांखालच्या फळ्या निघाल्या. मुरुगन आत गेला आणि लगेच बाहेर येऊन त्यानं सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं. नंतर त्यांनी एकेक खोकं बाहेर आणलं, तान्हं मूल उचलावं तसं. जिलेटिनच्या कांड्या, वातीची भेंडोळी, आणि एका डालड्याच्या डब्यात कापसात गुंडाळलेल्या सुरुंगाच्या टोप्या.

मेजरांचा चेहरा बदलला. मासळीसाठी असेल, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. त्यांनी मांगराच्या दारातून वर सड्याकडं पाहिलं. चौकीचा झेंडा तिथून स्वच्छ दिसत होता.

"माझ्या चौकीच्या पायथ्याशी स्फोटकं," ते म्हणाले, "डोक्यावर दिवा, आणि तुम्ही म्हणता अफवा?"

"अफवा नाय ओ, वावडी! वावडी!" आबा ओरडले. दोन जवानांनी त्यांचे दंड धरले होते. "सायबांका काय कळणाच नाय! गो बाये, सांग मां तेंका, वावडी म्हंजे काय ती! तुझो घोव वावडी उडवी होतो, तुका म्हायत नाय?"

मेजर माझ्याकडं वळलेही नाहीत. "बाईंनी मला सांगितलंय."

तेव्हा आबांना कळलं. मी ते त्यांच्या डोळ्यांत उतरताना पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. मी त्यांच्या अगदी जवळ गेले. इतकी जवळ, की सदऱ्यावर सांडलेल्या शहाळ्याच्या पाण्याचा वास येत होता.

"आबानू," मी म्हटलं, "माडावरसून पडलेल्या माणसाचो हात जळता काय ओ?"

जवानांनी त्यांना जीपमध्ये चढवलं. जीप सड्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी होते.

माझं अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं सुरूच्या बनापाशी राहत होतं. तशीच मी निघाले. सूर्य पाण्याला टेकला होता, वारा अंगावर येत होता आणि मी वाटेनं शब्द जुळवत होते. वर्षभर साठवलेले शब्द, एकही वाया जाऊ द्यायचा नव्हता. तुझा आबा गेला, आता तुला कोण वाचवणार? किती घेतलंस पोराचं? रात्री झोप लागते का तुला?

सासू अंगणात पायरीवर बसली होती. मला पाहून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"इलंस?"

"आबाक धरून नेल्यानी," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "मांगर फोडल्यानी. सगळां गावलां."

"म्हायत. हंयसून जीप दिसली."

"मगे आता तुझ्या जबानीचां काय करतलंस? झीलाचां मरण इकून तुका काय गावलां, तां तरी सांग माका."

तिनं हनुवटीनं उंबऱ्याकडं खूण केली. मग म्हणाली, "ती तेलाची वाटी दी हंय. माका धरूक येणा नाय."

मी तिच्याकडं नीट पाहिलं. तिनं दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले होते. तळव्यांवर आडव्या भेगा पडल्या होत्या, खोल, काही ओल्या, काही वाळलेल्या. एकावर एक, जणू कुणी पुन्हा पुन्हा त्याच जागी कापलं होतं. तिच्यामागं अंगणात जातं होतं आणि जात्याच्या खुंट्याला जाड दोरी गुंडाळलेली होती. दोरीचं दुसरं टोक भिंतीकडं गेलं होतं. भिंतीला पुरुषभर उंचीची वावडी टेकवून ठेवली होती.

ती वासूची होती. शेजारच्या गावातही कुणाकडं तशी नसणार, कारण तिला ठिगळं माझ्या शाळेतल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांची होती. दरवर्षी रद्दी मी त्याला आणून द्यायची. लाल शाईतले माझे बरोबर-चूक तिच्यावर सगळीकडं होते. लष्कर तीन दिवस माझ्याच अक्षराचा तपास करत होतं.

"माळ्यार होती," सासू म्हणाली. "उंदरांनी खाल्ल्यानी, ती चिकटवलंय. पयली पडली. मगे सुरूत अडाकली. मगे जमलां. वासू ल्हान होतो तेवा तेच्या बापाची दोरी मीच धरी होतंय."

"तू? एकटीन?"

"दुसरां कोण आसा माका?"

ते तिनं मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण लागलं.

दत्तारामकाकांनी डोळा का मारला, ते मला आता कळलं. गावाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सगळ्यांना वाटत होतं, सासू-सुनेनं मिळून केलंय.

"कित्याक पण?" मी विचारलं.

"पोलिसाक आबान खिशात घातलो हा. देवाक सांगान बघितलंय, तो पण आयकणा नाय. मगे म्हटलां, सड्यार मिल्ट्री आसा. तेंका बोलवूचां कसां? माका काय तेंची भाषा येता? म्हणान आबाच्या बागेर दिवो लावलंय."

मी पायरीवर बसले.

"तेवा मगे माडावरसून पडलो म्हणान कित्याक सांगलंस?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "आबा रातीच इलो होतो. म्हणालो, खरां बोललंस तर तुझो झील बार टाकणारो म्हणान कागदार येतलो. म्हटलां, येवंदे. मगे म्हणालो, सुनेची सरकारी नोकरी आसा, चोराची बायल म्हणान ती पण जातली." ती थांबली. "झील तर गेलोच होतो, कुंदा. तू थंय नव्हतंस. मी कोणाक इचारतलंय?"

मला रडू आलं. रागानंच आलं. वाटेत जुळवलेल्या शब्दांतला एकही तिला द्यायच्या लायकीचा नव्हता, आणि त्या माणसासाठी मात्र ते सगळे फार कमी पडले होते. आबांनी माझा नवरा नेला होता, आणि वर माझ्याच नोकरीची भीती घालून वर्षभर माझी सासूही नेली होती. मांगरापाशी मला वाटलं होतं, फिटलं. काही फिटलं नव्हतं.

मी वाटी घेतली आणि तिच्या तळव्यांना तेल लावायला लागले. तिनं दोनदा हात मागं घेतला, मग राहू दिला.

"सायबान इचारल्यान नाय तुका," ती म्हणाली, "वावडी म्हंजे काय ती?"

"इचारल्यान."

"मगे?"

"अफवा म्हणान सांगलंय."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती हसायला लागली. आवाज न करता, नुसतं अंग हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वासूही असाच हसायचा. हसणं ओसरल्यावर तिनं तेलकट हातांनीच पदर सारखा केला.

"फाल्या सकाळी माका सायबाकडे व्हर," ती म्हणाली.

पुढं खटला चालला, आबांना शिक्षा झाली, लाँची विकल्या गेल्या आणि बर्फाचा कारखाना गंजून पडला. ते सुटून आले तेव्हा गावात त्यांच्यासाठी पाय जवळ ओढणारं कुणी उरलं नव्हतं. लाल दिव्याचा उगम निश्चित होऊ शकला नाही, असं मेजरांनी वर कळवलं; तो त्यानंतर कुणाला दिसलाही नाही. हे सगळं मी डोळे भरून पाहिलं. पण मला आठवते ती त्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मेजर व्हरांड्यात बसले होते. त्यांच्याशेजारी जिल्ह्याहून आलेले इन्स्पेक्टर होते, लातूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. सासू त्यांच्यासमोर खाली बसायला लागली तेव्हा मेजरांनी उठून तिला खुर्ची दिली.

"हातांना काय झालं, आजी?"

"दोरी लागली."

"विहिरीची दोरी वाईट," मेजर म्हणाले. "रहाट बसवून घ्या. बोला, काय सांगायचंय?"

व्हरांड्याच्या कठड्याला दत्तारामकाका टेकले होते. त्यांच्या मागं निम्मं गाव उभं होतं. आज कुणी तोंडाला पंचा लावला नव्हता.

"माझो झील वासू, आबाच्या लाँचीर होतो," सासू म्हणाली. आवाज खणखणीत होता. "आबाचो बार तेच्या हातात फुटलो. तेका मी धुतलंय, मी बघितलंय. आणि तो माडावरसून पडलो म्हणान गेल्या वर्षी जां मी सांगलंय..."

ती थांबली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

"ती वावडी," ती म्हणाली.

इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं. "वावडी म्हणजे?"

मी तोंड उघडलं, पण मेजरांनी हात वर करून मला थांबवलं. हा शब्द आता त्यांचा होता.

"अफवा," ते म्हणाले. "साफ खोटी अफवा. लिहा तुम्ही."

इन्स्पेक्टरांनी तसंच लिहून घेतलं.